शहादेवची रिबीन

चकलांब्याच्या अलीकडं फाट्यावरून आत वळलं की आमची वस्ती लागते. थोडी घरं मेंढपाळ धनगरांची, बाकीची ऊसतोडीला जाणाऱ्यांची. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि म्हातारी माणसं नि शाळेतली लेकरं तेवढी मागं उरतात. गुढीपाडव्याच्या आगंमागं ट्रॅक्टर परत आले की वस्तीला पुन्हा आवाज येतो. मग आमचं भजनी मंडळ भरतं. मी त्यात पखवाज वाजवतो. शहादेव कॅसिओ वाजवायचा आणि बंकट बासरी. मला सांगायचंय ते शहादेवचं, पण बंकटला सोडून त्याचं काहीच सांगता येत नाही.

शहादेव ऊसतोड्या. बीडला वायरमनचा कोर्स करायला गेलता, वर्षभरात बाप वारला आणि परत आला. लग्न झालं, मनिषा घरात आली आणि दोघं नवराबायको तोडीला जायला लागले. पण तारांचा नाद सुटला नाही. वस्तीतला कुणाचा मिक्सर, कुणाची मोटार, देवळातला भोंगा, सगळं त्याच्या ओट्यावर उघडून पडलेलं असायचं. कॅसिओ त्यानं बीडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातून आणला. तो कुठल्या कंपनीचा होता कुणास ठाऊक, आमच्याकडं तसल्या सगळ्याच बाजाला कॅसिओ म्हणतात. शहादेवची बोटं कोयता धरून धरून इतकी जाड झालेली की एक पट्टी दाबताना शेजारची पण दबायची. सूर चुकला की स्वतःच मोठ्यानं हसायचा.

बंकट मेंढरं वळायचा. त्याला कुणी बासरी शिकवली नव्हती. बाप वाजवायचा, त्याचं ऐकून हा वाजवायला लागला. गवळण सुरू झाली आणि बंकटनं बासरी ओठाला लावली की बायका बोलायच्या थांबायच्या. शाळेपासूनचे दोस्त दोघं, पण भजनात कायम भांडायचे.

"तुह्या बाजात सूर उड्या मारत जातो बे," बंकट म्हणायचा. "ह्या पट्टीवरून त्या पट्टीवर. बेडकावानी."

"अन् तुह्या?"

"माह्या घसरत जातो. ओल्या बांधावरून पाय घसरतो तसा."

शहादेवला हे लागायचं, कारण ते खरं होतं. कॅसिओच्या डाव्या अंगाला सूर वाकवायचं एक लहान चाक असतं. पुढं ढकललं की सूर चढतो, मागं ओढलं की उतरतो, सोडलं की चाक आपोआप मधे येतं. शहादेव ते फिरवून बंकटच्या बासरीची नक्कल करायला जायचा आणि सगळे हसायचे. चाक एवढंसं, त्यात सूर मापून धरायचा कसा?

मग बंकटचा हात गेला.

त्या साली शहादेव तोडीवर होता, कर्नाटकात. थंडीचे दिवस. बंकट घरामागं कडबाकुट्टीवर म्हशीसाठी वैरण कापत होता. मशीन जुनं, पेंडी अडकली म्हणून त्यानं उजव्या हातानं आत लोटली आणि कडब्याबरोबर हातही आत गेला. त्याची बायको सारजाबाई दारात जोंधळे निवडत होती. तिनं पळत येऊन बटण बंद केलं, तोवर मनगटाच्या पुढं काही राहिलं नव्हतं. आम्ही त्याला घोंगडीत गुंडाळून बीडला नेलं. रस्ताभर तो ओरडला नाही. गेवराईच्या पुढं एकदाच म्हणाला, "मेंढरं कोन सोडील?" सारजाबाईनं त्या दिवसापासून विजेच्या वस्तूला हात लावायचं सोडलं. पंख्याचं बटणसुद्धा काठीनं दाबायची.

पाडव्याला टोळी परतली. शहादेवनं ट्रॅक्टरमधून उडी मारली आणि स्वतःच्या घरात पाऊलही न टाकता सरळ बंकटकडं गेला. मी तिथंच होतो. बंकट खाटेवर बसलेला, उजवा हात उपरण्याखाली. शहादेव दारातच उभा राहिला. मग बंकटच म्हणाला, "त्या कोपऱ्यात बासऱ्या हायत. पोरीला घेऊन जा खेळायला."

"माह्या पोरीला वाजवता येत न्हाई."

"मलाबी न्हाई आता."

शहादेव बासऱ्या न घेताच बाहेर पडला आणि गोठ्याच्या भिंतीला तोंड लावून रडला. एवढा दांडगा माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "त्याला एकच हात हाय आता. एका हातानं काय वाजतं बे? तूच सांग." मला काय सांगता येणार? पखवाजालासुद्धा दोन लागतात.

पुढं आठ-पंधरा दिवस तो घरात बसून मोबाईल बघत होता. मनिषा वैतागली. लग्नसराई तोंडावर आलेली, वाजवायच्या सुपाऱ्या यायला लागलेल्या, आणि हा कॅसिओला शिवत नव्हता. एका सकाळी मला हाक मारून त्यानं मोबाईल दाखवला. कुठल्या तरी परदेशातला माणूस कॅसिओसमोर बसलेला. कॅसिओला तारेनं एक लांब चपटी फीत जोडलेली आणि तो तिच्यावरून एक बोट सरकवत होता. बोट सरकेल तसा सूर घसरत जात होता, बासरीवानी, माणूस हुंदका देतो तसा.

"हे काय?"

"रिबन कंट्रोलर म्हन्तेत. हे बघ, एकच बोट. एकच!"

मनिषा चहा घेऊन आली. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "रिबीन? वेणीची?"

तिथून पुढं वस्तीत त्या फितीचं नाव रिबीनच पडलं.

पहिली रिबीन त्यानं घरीच केली. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापली, पोरीच्या पेन्सिलीनं ती घासून घासून काळी केली. पेन्सिलीच्या काळ्यातून थोडी वीज जाते, हे त्याला कोर्समध्ये शिकवलं होतं. मनिषाचं शिवणाचं अंगुस्तान घेऊन त्याला तार जोडली आणि ते बंकटच्या डाव्या बोटात घातलं. बंकट नकोच म्हणत होता. शहादेवनं बळंच बसवलं. तारेचं दुसरं टोक जोडलेल्या जुन्या रेडिओतून खर्रर्र करत काहीतरी चढलं आणि उतरलं, आणि एक गवळण पुरी व्हायच्या आत पेन्सिलीचं काळं सगळं निघून आलं.

"मशेरी लावल्यागत झालं," बंकट अंगुस्तानाकडं बघत म्हणाला. "सोड बे नाद. कावून जीव काढायलास?"

"चढला का न्हाई सूर?"

"चढला."

"मंग झालं."

त्यानं मोबाईलवरून खरी रिबीन मागवली. गेवराईला कुरिअरच्या हापिसात आली, तिथून तो मोटारसायकलवर घेऊन आला. हातभर लांब, बोटभर रुंद, पातळ, काळी चकचकीत. हिला अंगुस्तान लागत नव्हतं. जिथं बोट दाबाल तिथं तिला कळायचं. पण ती कॅसिओला जोडायची म्हणजे कॅसिओ उघडायला हवा, आणि तिथं शहादेवचा हात थांबला. दुसऱ्याचे मिक्सर बेधडक उघडणारा माणूस स्वतःच्या बाजाचे स्क्रू काढताना घाम पुसत होता.

"उघडला अन् मेला तर?"

मनिषा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मेला तर मेला. बंकटभाऊ तरी कुठं जिते हायत?"

त्यानं उघडला. सूर वाकवायच्या चाकाखाली तीन तारा निघाल्या, रिबिनीलाही तीनच. चाकाच्या तारा सोडवून त्यानं मागच्या बाजूला एक भोक पाडलं, तिथं पिन बसवली, म्हणजे रिबीन बाहेरून लावता येईल आणि काम झालं की काढून पिशवीत ठेवता येईल. पहिल्यांदा बोट उचललं की सूर धबकन खाली पडायचा, विहिरीत बादली पडावी तसा. दोन दिवस त्यात गेले. मग त्यानं तारांच्या मधे दोन बारीक रेझिस्टन्स डागले आणि बोट उचललं की सूर आपल्या मूळ जागी येऊन थांबायला लागला. रिबीन त्यानं बाभळीच्या रंधा मारलेल्या फळीवर चिकटवली. सा कुठं, प कुठं, त्याच्या खुणा मनिषाच्या नखाच्या लाल रंगानं केल्या.

संध्याकाळी सगळा पसारा घेऊन तो बंकटच्या ओट्यावर गेला. कॅसिओत बासरीचा आवाज लावला. स्वतः पट्टी दाबून धरली, कारण रिबीन एकटी वाजत नाही. कुणीतरी पट्टी दाबली तरच सूर निघतो, रिबीन तो फक्त वरखाली नेते. बंकटला पट्टी दाबता येईना. उजव्या मनगटानं दाबलं की तीन पट्ट्या एकदम बोंबलायच्या.

"ठेव बोट."

बंकटनं डावं बोट ठेवलं आणि झटक्यानं ओढलं. आवाज असा वर गेला की कुत्री भुंकायला लागली.

"आंब्युलन्स आली!" सारजाबाई आतून म्हणाली, आणि हसली. हात गेल्यापासून ती हसल्याचं मी तेव्हाच ऐकलं.

बंकट मात्र हसला नाही. त्यानं बोट परत ठेवलं आणि फार हळू सरकवलं. सूर हलला की नाही कळू नये इतकं हळू. मग थांबला, थोडा मागं आला, तिथंच बोट थरथरवलं. बासरी नव्हती ती, कॅसिओच होता, पण सरकणं बंकटचं होतं.

बंकटनं खुणांकडं बोट केलं. "ह्या लाल टिकल्या कशाला? कान हायत की." आणि नखानं एकेक खरवडून काढली. शहादेव बघत राहिला. एवढी मापून केलेली खूण, पण राग आला नाही त्याला. उलट पोरासारखं तोंड करून हसत होता.

त्या उन्हाळ्यात दोघं रोज शहादेवच्या ओट्यावर बसले. बसायला टाकलेल्या एका फळीवर दोघं, शहादेव उजवीकडं, बंकट डावीकडं. पण काहीतरी चुकत होतं आणि ते दोघांनाही कळत होतं. बंकट चिडायचा, "सूर सरतच न्हाई! दोरीवानी लांबतच चाललाय." शेवटी शहादेवला उमगलं. बासरी वाजवणारा मधे दम घेतो. तिथं सूर तुटतो आणि पुन्हा उगवतो. बंकटला फुंकायचं नव्हतं, पण सवयीनं त्याची छाती भरायची, खांदे वर यायचे. शहादेवनं पट्टीकडं बघायचं सोडलं आणि बंकटच्या खांद्याकडं बघायला लागला. खांदा वर आला की पट्टी सोडायची, खाली आला की दाबायची. हळूहळू असं झालं की दोघांचे खांदे बरोबरच वर यायला लागले. मनिषा रोज चुलीशी बसून हे बघायची. एकदा म्हणाली, "एकाच माणसाला दोन डोस्की फुटल्यावानी दिसतंय."

हरिनाम सप्त्यात काल्याच्या दिवशी गवळण झाली. बंकटनं उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातलेला. सुरुवातीला लोक आपापसात कुजबुजत होते. मग शहादेवनं पट्टी दाबली, बंकटचं बोट सरकलं आणि मंडप गप्प झाला. माझा हात पखवाजावर आपोआप हलका पडला. पुढच्या रांगेत वच्छलाबाई बसायची, वस्तीतली सगळ्यात म्हातारी, दिसायचं कमी. ती शेजारणीला म्हणाली, "बंकट्याला हात फुटला का काय गं?" बंकटनं ते ऐकलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला, पण बोट थांबलं नाही. गवळण संपल्यावर तो उठून मंडपामागं गेला आणि बराच वेळ परत आला नाही. शहादेवनं कुणाला त्याच्या मागं जाऊ दिलं नाही. "ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाला.

नंतर लग्नातही दोघांना बोलावणं यायला लागलं. लिंबागणेशला एका वरातीच्या आधी वाजवलं, वडवणीलाही. बंकट पुन्हा दाढी करायला लागला, पुन्हा शहादेवशी भांडायला लागला.

दिवाळी झाली. ट्रॅक्टर फाट्यावर उभा राहिला. शहादेव कॅसिओ चादरीत गुंडाळून बंकटकडं घेऊन आला.

"तुह्यापाशी ठेव. तोडीवरच्या कोपीत लाईट नसती, अन् उंदरं तारा खातेत."

"औंदा नको जाऊ बे," बंकट म्हणाला.

"नको जाऊ तर करू काय? मुकादमाला शब्द दिलाय. अन् मनिषा एकटी कशी जाईल?"

"मी काय करू इथं? दाबणार कोन?"

"वैनीला शिकव."

आतून सारजाबाई म्हणाली, "मी न्हाई बाई हात लावायची त्या करंटला."

शहादेव हसला. जाताना त्यानं रिबीन पिशवीतून काढून पुन्हा एकदा पिनेला लावून बघितली, तार नीट बसलीय का ते चाचपलं, आणि परत काढून ठेवली. त्याची पोरगी धनश्री आजीपाशी, सावित्रीबाईपाशी राहणार होती. तिला उचलून घेतलं, खाली ठेवलं, ट्रॅक्टरमध्ये चढला. बंकट फाट्यापर्यंत गेलता. मी तिथून लांब होतो, त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बंकटनं पुढं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

संक्रांतीच्या आगंमागं फोन आला, माझ्याच फोनवर. टोळीतला सटवा बोलत होता. सकाळी ट्रक भरत होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं असतं. फळी दवानं ओली झालेली. शहादेव वर पोचत आलेला, पाय सरकला आणि मोळीसकट पाठीवर पडला. दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

सावित्रीबाईला सांगायला बायका गेल्या. बंकटला सांगायचं माझ्यावर आलं. तो माळावर मेंढरांत होता. मी येताना दिसलो तसा उभा राहिला. माझ्या चालण्यावरूनच त्याला काहीतरी कळलं असावं.

"काय झालं?"

"शहादेव पडलाय. ट्रक भरताना."

त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "हाताला लागलं का?"

मी मेंढरांकडं बघायला लागलो.

"हात शाबूत हायत ना बे? सांग की. हात?"

"हात शाबूत हायत," मी म्हणालो. बंकटनं दोन वेळा मान हलवली, बरं झालं म्हणावं तशी, आणि मग माझ्या तोंडाकडं बघितलं. काठी टाकून तो तिथंच बसला. मेंढरं पुढं चालत गेली. मीच ती वळवून आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मनिषा पुढच्या सीटवर बसलेली, डोळे कोरडे. उतरल्यावर तिनं आधी धनश्री कुठंय विचारलं. सावित्रीबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळला रे माह्या लेका." सरणावर लाकडं बंकटनं लावली. एका हातानं. मदतीला कुणी पुढं झालं तर तो नुसता बघायचा, आणि माणूस मागं व्हायचा.

दहाव्याला भजन झालं. आमच्या मंडळाचा म्होरक्या विजयसिंह बंकटला म्हणाला, "एक गवळण होऊ दे, शहादेवला बरं वाटंल." बंकट म्हणाला, "दाबायला तोच पायजे."

फाल्गुनात एकदा मी त्याच्याकडं गेलो तर कॅसिओ चादरीतून काढून पुढ्यात ठेवलेला. धूळ पुसत होता. मला सुचलं ते मी केलं. पुठ्ठ्याची घडी करून दोन पट्ट्यांच्या फटीत खोचली, पट्टी दबून राहिली, सूर सुरू झाला. "घे," मी म्हणालो. "कुणी लागत न्हाई."

बंकटनं बोट ठेवलं. सरकवलं. वाजलं, चांगलं वाजलं. गवळणीची पहिली ओळ झाली आणि त्याचे खांदे वर आले. सूर तुटला नाही. तो तसाच वाजत राहिला, सपाट, एकसारखा. बंकटनं बोट उचललं तरी मूळचा सूर चालूच. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"ह्याला दम न्हाई," तो म्हणाला. "शहादेव सोडायचा. मला दम लागायच्या आधी सोडायचा. ह्यो नुसता वरडतोय. काढ ते."

मी पुठ्ठा काढला. त्यानं कॅसिओ पुन्हा गुंडाळला.

उन्हाळ्यात, दुसऱ्या कुणी तरी वाजवावा म्हणून दोन-तीन जण कॅसिओ मागायला आले. बंकट प्रत्येकाला मनिषाकडं पाठवायचा आणि मनिषा बंकटकडं. शेवटी लोक यायचे थांबले.

पुन्हा दिवाळी आली. मनिषा जाणार म्हणून कळलं. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मनिषा अर्धा कोयता म्हणून दिराच्या टोळीत निघाली. जायच्या आदल्या दिवशी ती सावित्रीबाईला घेऊन बंकटकडं आली. मी ओट्यावरच होतो. पाणी पिऊन झालं, सारजाबाईशी चार शब्द झाले, आणि ती म्हणाली, "बंकटभाऊ, ते काढा की. एकदा ऐकते."

"दाबणार कोन, वैनी?"

"मी दाबते."

मीच कॅसिओ काढला, रिबीन पिशवीतून काढून पिनेला लावली. मनिषा बंकटशेजारी बसायच्या फळीवर बसली, मधे हातभर जागा सोडून. पदर नीट केला. कुठली पट्टी ते तिनं विचारलं नाही. तिनं नेमकी तीच दाबली, आणि मान वळवून बंकटच्या खांद्याकडं बघितलं.

बंकटनं सुरू केलं. खांदा वर आला, मनिषानं बोट उचललं. खाली आला, दाबलं. एकदाही चुकली नाही. तो सगळा उन्हाळा चुलीशी बसून तिनं हेच पाहिलं होतं. सावित्रीबाई भिंतीला टेकून ऐकत होती. डोळे मिटलेले, गालावरून पाणी. सारजाबाई दारात उभी होती, पदराचं टोक दातात धरून. गवळण संपली. बंकटचा खांदा वर आला, बोट उचलायची वेळ झाली, पण मनिषानं पट्टी सोडली नाही. धरूनच ठेवली. बंकटलाही मग थांबता येईना. तो शेवटच्या सुराच्या आसपास बोट फिरवत राहिला, वर, खाली, परत तिथंच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिनं स्वतःच हात काढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि त्या हाताकडं बघत म्हणाली, "असंच का वो त्येंचं?"

"असंच," बंकट म्हणाला.

"बरं." ती उठली. "धनश्रीकडं लक्ष असू द्या."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गेला.

मनिषा पाडव्याला परत आली तेव्हा ओळखू येत नव्हती, इतकी उतरली होती. सप्त्याची ठरवाठरवी सुरू झालेली. बंकट स्वतः विजयसिंहकडं गेला आणि म्हणाला, "काल्याला गवळण आमी वाजवतो. मी अन् शहादेवची मंडळी." बंकट स्वतःहून काही मागायला जाण्यातला नव्हता, म्हणून विजयसिंह लगेच नाही म्हणाला नाही. पण चार माणसांत विषय निघाला आणि माना हलायला लागल्या. विधवा बाई, परक्या माणसाच्या शेजारी, सगळ्या गावापुढं. कुणी वाईट हेतूनं बोललं असं मी म्हणणार नाही. विजयसिंह म्हणाला, "बंकट, तुझं मन आमाला कळतंय. पण बाईमानसाला उद्या जगायचंय ह्याच गावात." बंकट हट्टाला पेटला. उठून मोठ्यानं बोलायला लागला, त्याचं हे रूप मी कधी बघितलं नव्हतं. हे मनिषाच्या कानावर गेलं. ती त्याच्या दारापर्यंत आली, आत आली नाही.

"माह्यापायी भांडू नका भाऊ. मी बसायची न्हाई."

"वैनी, तुमी नाही म्हनल्यावर..."

"माह्यी पोरगी मोठी व्हायलीय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि वळली.

बंकटनं भांडायचं थांबवलं.

त्या काल्याला गवळण पेटीवर झाली, आता दरवर्षी पेटीवरच होते. म्हणणारे चांगलं म्हणतात. वच्छलाबाई आता नाही. बंकट भजनाला येतो, पण मंडपात बसत नाही, बाहेर लिंबाखाली बसतो, तिथून ऐकतो. मनिषा दिवाळीला जाते, पाडव्याला येते. धनश्री बारावीला आहे, सावित्रीबाईला ऐकू येईनासं झालंय. कॅसिओ बंकटच्या घरी आहे. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून तो अधूनमधून उन्हात काढून ठेवतो. सारजाबाई त्यावरून अजूनही ओरडते.

मागच्या सप्त्यात गवळण सुरू झाली तेव्हा मी पखवाजावरून मान वळवून बाहेर बघितलं. लिंबाखाली कुणी नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला, "एक मेंढी व्यायला झालती. लवकर गेलो."

खरंच व्यायला झालती. दोन कोकरं झाली.